करवंदाचा सोडा : घरी प्यायचा वेगळा, विकायचा वेगळा

वैशाखात घाटातल्या वाटेवर करवंदांच्या पाट्या दिसू लागतात. सकाळी तोडलेली करवंदं द्रोणातून खपतात. उरलेली संध्याकाळपर्यंत मऊ पडतात आणि दुसऱ्या दिवशी त्यांना कुणी विचारत नाही. आमच्या गटात आम्ही या उरलेल्या करवंदांचा सोडा करतो. मऊ चालतात, पण बुरशी आलेली किंवा आंबूस वास सुटलेली नकोत.

१ किलो करवंदं धुऊन, पाऊण लिटर पाण्यात दहा मिनिटं उकळा. रवीने घोटून चाळणीवर गाळा, म्हणजे बिया आणि चीक मागे राहतो. भांडं स्टीलचंच घ्या. आंबट रस तांब्या-पितळेत किंवा ॲल्युमिनियममध्ये उकळू नये.

आता फेस. आंबोळीचं पीठ रात्रीतून फुगतं, तसंच इथे होतं. यीस्ट नावाचे डोळ्याला न दिसणारे जीव साखर खातात आणि गॅस सोडतात. हे जीव आल्याच्या सालीवर असतात. म्हणून सालासकट किसलेलं आलं एक चमचा, साखर एक चमचा आणि कपभर पाणी बरणीत घालून वर फडकं बांधा. रोज थोडं आलं, थोडी साखर घालून ढवळा. तीन ते पाच दिवसांत बुडबुडे येतात. हे झालं विरजण. त्यावर बुरशी दिसली तर सरळ फेकून द्या, वरवर काढून वापरू नका.

दोन कप रस, २०० ग्रॅम साखर आणि पाणी मिळून दोन लिटर करा. रस पूर्ण गार होऊ द्या, गरम रसात विरजण मरतं. मग पाव कप विरजण गाळून घाला, बाटलीत भरा आणि वर चार बोटं जागा सोडा.

बाटली मात्र थंड पेयाची प्लास्टिकचीच घ्या. आम्ही पहिल्या वर्षी शोभेसाठी काचेच्या भरल्या. पहाटे फडताळात एक फुटली आणि काचा पिठाच्या डब्यापर्यंत उडाल्या. लेकरं पलीकडच्या खोलीत होती म्हणून निभावलं. कारण नंतर कळलं. लिटरभर पेयाला फेस यायला तीनेक लहान चमचे साखर पुरते. बाकीची आपण गोडीसाठी घालतो. यीस्टला ते कुठे ठाऊक? ते सगळीच खात सुटतं. प्लास्टिकची बाटली निदान दाबून पाहता येते. मे महिन्याच्या उकाड्यात दर पाच-सहा तासांनी दाबा. दगडासारखी घट्ट लागली की लगेच फ्रिजमध्ये ठेवा. बहुधा दीड-दोन दिवसांत होतं, कधी एका दिवसातही. थंडीत यीस्ट मंदावतं, पण थांबत नाही. म्हणून तीन-चार दिवसांत संपवा. फ्रिज नसेल तर त्याच दिवशी प्या. जास्त ठेवलं की गोडी कमी होते आणि मद्यार्क वाढतो. थोडासा तर पहिल्यापासूनच असतो, म्हणून लहान मुलांना आणि गरोदर बायकांना हा सोडा आम्ही देत नाही.

आणि हा सोडा आम्ही विकतही नाही. एसटीत किंवा उन्हात तापलेली बाटली कुणाच्या हातात काय करील, याचा भरवसा कोण देणार? जत्रेला आम्ही सरबत नेतो. लिटरभर रसाला किलोभर साखर घालून उकळायचं आणि उकळून घेतलेल्या बाटल्यांत गरमच भरायचं. गिऱ्हाईक आलं की एक भाग सरबत, चार भाग दुकानातला सोडा, चिमूटभर काळं मीठ. रंग तोच, फेसही आयता, आणि पोरांनाही देता येतं. विक्रीसाठी अन्नसुरक्षा नोंदणी मात्र करावी लागते. फळप्रक्रियेचं प्रशिक्षण कधी आहे, ते जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा.

घरचा सोडा उघडताना झाकण हळूहळू सैल करा आणि बाटली परातीत धरा. करवंदाचा डाग साडीवरून सहजी जात नाही.