मानधन, टीडीएस आणि बॅण्डचे पाच वाटेकरी

गॅदरिंगमध्ये फुकट वाजवणारा बॅण्ड बाहेर मानधन घेऊन वाजवायला लागला की त्याच्यामागे दोन गोष्टी लागतात : हॉस्टेलच्या गेटची वेळ आणि इन्कम टॅक्स. पहिलीबद्दल रेक्टर सरांशी बोला, दुसरीबद्दल मी सांगतो. आमच्या पाच जणांच्या बॅण्डचा हिशोब माझ्याकडे असतो, म्हणून हा लेखनप्रपंच.

"आपण स्टुडंट, आपल्याला कसला टॅक्स?" हे कॅन्टीनमध्ये सर्रास ऐकू येतं. पण कायद्यात स्टुडंट म्हणून सूट नाही, सूट आहे ती रकमेला. २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी नव्या पद्धतीत ४ लाखांपर्यंत टॅक्स नाही, आणि करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर रिबेटमुळे भरायचं काही उरत नाही. लग्नाच्या सीझनमध्ये कितीही वाजवलं तरी आपण तिथवर पोचत नाही! मग अडचण कुठे येते? टीडीएसमध्ये.

समजा, गंगापूर रोडच्या एखाद्या लॉन्सवर कंपनीचा कार्यक्रम आहे आणि मानधन ठरलं ६०,००० रुपये. एकाच माणसाला वर्षात ५०,००० च्या वर मानधन द्यायचं असेल (एप्रिल २०२५ पूर्वी ही मर्यादा ३०,००० होती), तर कंपनी सहसा १० टक्के कापून घेते. हातात येतात ५४,०००. पॅन दिला नसेल तर कपात २० टक्के, म्हणजे थेट १२,००० गेले. घरच्या लग्नात यजमान स्वतः पैसे देतात, तेव्हा ही कपात नसते.

कापलेले ६,००० बुडत नाहीत. ज्याच्या पॅनवर कापले त्याच्या नावे ते सरकारजमा होतात, आणि त्याने रिटर्न भरला की रिफंड मिळतो. खरा तिढा इथेच आहे. चेक ड्रमरच्या नावाने, म्हणून सगळे ६०,००० त्याचंच उत्पन्न दिसतात आणि रिफंडही त्याच्याच खात्यात येतो. वर्षभराने रिफंड येईपर्यंत एखादा पासआउट होऊन पुण्याला गेलेला असतो. मैत्री तुटायला एवढं पुरतं.

उपाय साधे आहेत. आयोजक तयार असेल तर पाचही जणांनी आपापल्या नावाने १२,००० चं बिल द्यावं. जो खरंच वाजवतो त्याचंच बिल, उगाच नावं वाढवायची नाहीत. ते जमत नसेल तर ज्याच्या नावावर पैसे येतात त्याने बाकीच्यांचे वाटे बँकेतूनच द्यावेत, कॅशने नको. मग ४८,००० त्याच्या खर्चात दाखवता येतात आणि त्याचं उत्पन्न १२,००० च राहतं. रिफंडमध्ये कोणाचा किती वाटा, हे कागदावर लिहून सगळ्यांनी सह्या कराव्यात.

टेम्पोचं भाडं, अँपचं भाडं, गिटारच्या तारा यांची बिलं जपून ठेवा, कारण हे खर्च उत्पन्नातून वजा होतात. नवीन कीबोर्डची किंमत मात्र एकदम वजा होत नाही, दरवर्षी घसारा मिळतो. (कॉन्व्हेंटवाल्या मला 'डेप्रिसिएशन'पेक्षा हा शब्द जास्त आवडला.) हे व्यवसायाचं उत्पन्न असल्यामुळे 'सहज' नावाचा सोपा फॉर्म इथे चालत नाही.

फर्स्ट इयरच्या सतरा वर्षांच्या मंडळींसाठी : अज्ञान मुलाचं उत्पन्न एरवी आई-वडिलांच्या उत्पन्नात धरतात, पण स्वतःच्या कलेतून कमावलेलं त्याचं स्वतःचंच धरतात. तेव्हा बाबांच्या टॅक्सची काळजी नको.

राहता राहिला जीएसटी. तो १ जुलै २०१७ ला आला. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सेवेसाठी नोंदणी लागत नाही. शिवाय लोककला आणि शास्त्रीय संगीताच्या कलाकाराला एका कार्यक्रमाच्या दीड लाखापर्यंतच्या मानधनावर सूट आहे. आपल्या नाशिक ढोलवाल्यांनी हे लक्षात ठेवावं. फिल्मी गाणी वाजवणाऱ्यांना ही सूट नाही.

तेव्हा पुढच्या शोआधी साउंडचेकबरोबर पॅन, बिल आणि वाटणीचा कागद हेही चेक करा. सूर नंतर जुळवता येतात, हिशोब मात्र आधीच जुळलेला बरा!