आवाजाचा अभिनय घरच्या घरी

ध्वनिमुद्रित केलेला स्वतःचा आवाज तुम्ही कधी ऐकला आहे का? ‘छे, हा माझा आवाज नव्हेच!’ असे पहिल्या वेळी बहुतेकांना वाटते. काही जण तर पुन्हा त्या वाटेला जात नाहीत. पण दोष तुमच्या आवाजाचा नाही आणि यंत्राचाही नाही. आपण बोलतो तेव्हा आपला आवाज दोन वाटांनी आपल्या अंतर्कर्णापर्यंत पोचतो. एक वाट हवेची, दुसरी कवटीच्या हाडांची. हाडांतून खालच्या पट्टीतील कंपने चांगली पोचतात, म्हणून आपला आवाज आपल्याला जास्त भरदार वाटतो. यंत्राला मात्र हवेतून आलेला आवाजच तेवढा मिळतो. कानांत बोटे घालून एक वाक्य बोलून पाहा, म्हणजे ही हाडांची वाट तुमच्या लक्षात येईल.

आवाजाचा अभिनय शिकायचा असेल, तर पहिली पायरी हीच. स्वतःचा आवाज न लाजता ऐकायचा.

आता या वाद्याची रचना पाहू. फुप्फुसे हा त्याचा भाता. फुप्फुसांतून येणाऱ्या हवेमुळे स्वरयंत्रातील दोन स्वरतंतू थरथरतात. गळ्यावर बोटे ठेवून ‘मऽऽ’ म्हणा, थरथर जाणवेल. मग नुसता ‘सऽऽ’ असा फुत्कार सोडा, थरथर थांबेल. प्रौढ पुरुषाचे स्वरतंतू बोलताना सेकंदाला सुमारे १०० ते १३० वेळा कंप पावतात, स्त्रीचे सुमारे २०० वेळा, तर लहान मुलाचे ३०० च्या आसपास. मुलगे वयात येताना स्वरतंतू लांब व जाड होतात आणि आवाज फुटतो. वर्गात मुले हसतात. पण तो आजार नव्हे, वाद्य नव्याने जुळत असते इतकेच. या काळात उंच पट्टीचा हट्ट धरू नये.

एकाच माणसाने आजोबा, फौजदार आणि पोपट कसे व्हावे? एका पट्टीत ‘आ, ई, ऊ’ म्हणा. स्वरतंतूंचे काम तेच राहते, पण तोंडाच्या पोकळीचा आकार बदलल्याने आवाज निराळा घुमतो. ओठ पुढे काढले की ही नळी लांब होते आणि आवाज गडद लागतो; हसऱ्या चेहऱ्याने बोलले की ती आखूड होऊन आवाज उजळतो. म्हणूनच हसू न दिसताही ते ऐकू येते! पट्टी, गती, विराम आणि तोंडाचा आकार ही चार साधने आलटूनपालटून वापरा. ‘मी काल पुण्याला गेलो नव्हतो’ हे वाक्य दर वेळी वेगळ्या शब्दावर जोर देऊन म्हणा. अर्थ कसा बदलतो, ते पाहा.

उच्चारांचा तक्ता तर तुम्हांला पहिलीपासून पाठ आहे. आपली वर्णमाला उच्चाराच्या जागेप्रमाणेच लावलेली आहे. ‘क’ वर्ग कंठाजवळ, मग टाळू, मूर्धा, दात आणि शेवटी ‘प’ वर्ग ओठांवर. रोज पाच मिनिटे ती सावकाश म्हणणे हा उत्तम व्यायाम होय. मराठीत ‘च, ज, झ’ यांचे दोन-दोन उच्चार आहेत, तेही जपा. ‘या जगात जगायचे आहे’ हे मोठ्याने म्हणा. दोन्ही ‘ज’ सारखे आहेत का?

ध्वनिमुद्रणाला मोबाइल पुरेसा आहे. तो तोंडापासून वीतभर अंतरावर, किंचित बाजूला ठेवा. कारण ‘फ’ आणि ‘भ’ म्हणताना हवेचा झोत सुटतो आणि मुद्रणात ‘फट्’ असा आवाज येतो. ओठांसमोर कागदाची पट्टी धरून हा झोत पाहता येईल. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. ३ मीटरवरील भिंतीवरून परतायला ध्वनीला ०.०२ सेकंदही लागत नाही, म्हणून प्रतिध्वनी वेगळा न ऐकू येता मूळ आवाजात मिसळतो. दोरीवर गोधड्या टाका. त्या ध्वनी शोषून घेतात. पंखा बंद करा. घोड्याच्या टापांना नारळाच्या दोन करवंट्या आणि वणव्याला चुरगळलेला कागद पुरे!

एक मात्र विसरू नका. राक्षसाचा आवाज काढायला घसा खरवडू नका. ओरडताना स्वरतंतू जोराने एकमेकांवर आपटतात आणि सुजतात. अधूनमधून पाणी प्या. घसा दुखला की थांबा. आवाज दोन-तीन आठवडे बसलेलाच राहिला, तर डॉक्टरांना दाखवा.

पहिला प्रयोग कोणता करावा? तुमच्या शाळेत किंवा शेजारी दृष्टिहीन विद्यार्थी असेल, तर त्याला विचारून इतिहासाचा एखादा धडा वाचून द्या. आकृती आली की ती शब्दांत सांगा. मग त्यालाच विचारा, ‘कुठे कळले नाही?’ टाळ्यांपेक्षा हे उत्तर अधिक मोलाचे. त्याने ‘पुढचा धडा केव्हा देतोस?’ असे विचारले, तर तुमचा आवाज पोचला म्हणून समजा. आणि पुढच्या श्रुतिकेत एक भूमिका त्यालाही द्या, बरे का! कान देऊन ऐकण्याचा त्याचा सराव तुम्हा सर्वांना खूप काही शिकवील.