कव्हर गाणी ऐकणाऱ्यांनो, जरा औंधकडेही कान द्या!

मूळ गाणं आणि त्याची कव्हर्स लागोपाठ ऐकायची आवड आहे? मग हाच खेळ ख्यालगायनात खेळून बघा. बंदिश तीच, राग तोच. पण प्रत्येक गवई ती आपल्या अंगाने मांडतो. आणि याची सुरुवात सातारा जिल्ह्यातल्या औंधपासून करा.

बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य पं. अनंत मनोहर जोशी, म्हणजेच अंतुबुवा, यांनी गुरू शिवानंद स्वामींच्या स्मरणार्थ १९४० मध्ये औंधचा संगीत महोत्सव सुरू केला. ना बडं शहर, ना बडी कंपनी! इंडी म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

अंतुबुवांचे चिरंजीव पं. गजाननबुवा जोशी गळ्यानेही गात आणि व्हायोलिनवरही. ग्वाल्हेरची तालीम घरातच मिळाली. पुढे जयपूर आणि आग्रा घराण्यांची विद्याही त्यांनी मिळवली. १९८७ मध्ये ते गेले, पण गाणं शिष्यांमधून वाहतं राहिलं.

ऐकायचा क्रम असा ठेवा:
१. गजाननबुवांचं गायन
२. त्यांचं व्हायोलिन
३. उल्हास कशाळकर
४. पद्मा तळवलकर
५. अरुण कशाळकर

एकाच गुरूचे तीन शिष्य, पण एकासारखा दुसरा नाही. नक्कल आणि परंपरा यांतला फरक इथे लख्ख ऐकू येतो.

महोत्सव आश्विनात असतो. एकदा तरी प्रत्यक्ष जाऊन ऐका. आणि तुमच्याकडे या मंडळींची आवडती ध्वनिमुद्रणं असतील, तर कमेंटमध्ये नक्की सांगा!