पोटदुखीचं निमित्त

सतरा वर्षांची मुलगी डॉक्टरांकडे जाते ती पोट दुखतं म्हणून, नाहीतर झोप लागत नाही म्हणून. ‘जगावंसं वाटत नाही’ हे सांगायला ती सहसा येत नाही. पोटदुखीची गोळी मिळते आणि न बोललेलं तिच्याबरोबर घरी परत जातं.

ऑस्ट्रेलियात २००६ साली सुरू झालेल्या ‘हेडस्पेस’ने नेमकं हे निमित्तच हाताशी धरलं. (ध्यान शिकवणारं त्याच नावाचं अ‍ॅप वेगळं.) १२ ते २५ वयाच्या कुणीही या केंद्रात यावं. साधे डॉक्टर, मानसतज्ज्ञ, व्यसन सोडवायला मदत करणारे, शिक्षण-नोकरीची वाट दाखवणारे, सगळे एकाच छपराखाली. आत शिरणारा खोकल्यासाठी आलाय की नैराश्यासाठी, हे बाहेर बसलेल्याला कळतच नाही! लोकलाजेवर कितीही भाषणं दिली तरी जे साधत नाही, ते इथे नुसत्या मांडणीने साधतं. केंद्र कसं असावं, हे ठरवताना तरुणांनाही विचारतात. आज अशी दीडशेहून अधिक केंद्रं आहेत.

पण २५च का? २००५ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीतून दिसलं की आयुष्यात कधीही होणाऱ्या मानसिक आजारांपैकी निम्मे चौदाव्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात आणि तीन चतुर्थांश चोविसाव्यापर्यंत. मेंदूचा पुढचा भाग, जो आवर घालतो आणि पुढचा विचार करतो, तोही पंचविशीच्या आसपासच पक्का होतो. वैद्यकीय व्यवस्था मात्र फार तर अठराव्या वर्षी बालरोग विभागाचं दार लावून घेते. धोका सर्वांत जास्त असतो, नेमकं तेव्हाच हात सुटतो. मेलबर्नचे मनोविकारतज्ज्ञ पॅट्रिक मॅकगोरी यांनी हे जवळून पाहिलं होतं. पहिल्यांदाच आजारी पडलेली कोवळी मुलं वर्षानुवर्षं आजारी असलेल्यांच्या वॉर्डात ठेवली जात. आपलं भविष्यच समोरच्या खाटेवर आहे, असं त्यांना वाटलं नाही तरच नवल. हेडस्पेसच्या उभारणीत मॅकगोरींचा मोठा वाटा आहे.

मला सर्वांत थक्क करते ती मात्र प्रश्नांची एक साधी यादी. तिचं मूळ १९७२च्या सिअ‍ॅटलमध्ये, हार्वे बर्मन या डॉक्टरांकडे. जगभर किशोरवयीनांना तपासताना ती वापरतात. आधी घरी कोण कोण असतं, मग शाळा-कॉलेज, मग मित्र आणि आवडीनिवडी. त्यानंतर नशापाणी, शरीरसंबंध, आणि शेवटी जीव देण्याचे विचार. सगळी करामत क्रमात आहे. शेवटचा प्रश्न पहिल्यांदा विचारला तर ‘नाही’ हेच उत्तर येईल. पालकांना थोडा वेळ बाहेर बसवून, हळूहळू तिथवर गेलं की मुलं बोलतात.

हेडस्पेस म्हणजे जादूची कांडी नव्हे. अनेक केंद्रांत थांबावं लागतं, आणि ज्यांचा आजार या केंद्रांना झेपत नाही पण रुग्णालयालाही पुरेसा गंभीर वाटत नाही, ते मध्येच लटकतात. तरी आयर्लंड आणि कॅनडाही याच वाटेने गेले.

आपल्याकडेही काही घडतंय. गोव्यातल्या ‘संगाथ’ संस्थेने शाळकरी मुलांसाठी मोबाइलवरचा खेळ तयार केला. गोष्टीतल्या पात्रांच्या अडचणी सोडवता सोडवता मुलं स्वतःच्या अडचणींकडे वळतात, आणि सोबतीला असतात ते मानसतज्ज्ञ नव्हे, तर खास शिकवून तयार केलेले समुपदेशक. २०१४ सालच्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात तर पोषण, लैंगिक आरोग्य, व्यसनं, हिंसा आणि मन हे सगळं एकत्रच आहे. महाराष्ट्रातल्या सरकारी रुग्णालयांतली ‘मैत्री’ क्लिनिकं त्यातलीच. फक्त वयोमर्यादा १० ते १९ आहे. विसाव्या वर्षी नव्या शहरात, वसतिगृहात एकटा पडलेला मुलगा त्यात बसत नाही. ही मर्यादा २५ करायला हवी.

तोवर ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक घरातल्या पोरांच्या फोनमध्ये टाकून ठेवा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलतो आणि वय विचारून कुणाला परत पाठवत नाही.