जमिनीवर बसलेला चेलो

जऊळका रेल्वेसारख्या गावात चेलो पाहिलेला माणूस सापडणे कठीण, पण ऐकलेले पुष्कळ सापडतील. जुन्या हिंदी चित्रपटगीतांत व्हायोलिनच्या ताफ्याखालून जो भरदार खर्ज सरकत जातो, तो बरेचदा चेलोचा असतो. राहुल देव बर्मन यांचे साहाय्यक बासू चक्रवर्ती मूळचे चेलोवादकच. मुंबईच्या स्टुडिओंतून गोव्याच्या वादकांनीही हे वाद्य वर्षानुवर्षे वाजवले. श्रेयनामावलीत मात्र वादकांची नावे क्वचितच आली.

चेलोला चार तारा असतात आणि तो राळ लावलेल्या घोड्याच्या केसांच्या गजाने वाजतो. पुरुषाच्या खर्जापासून स्त्रीच्या उंच स्वरापर्यंत त्याची धाव. पडदे नसल्याने बोट तारेवरून सरकवले की मींड निघते. आपल्या भजनी मंडळांच्या पेटीला हेच जमत नाही आणि आकाशवाणीने १९४० मध्ये तिच्यावर घातलेल्या बंदीमागे हेही एक कारण होते. ती बंदी तीन दशके टिकली. मग एवढा गाता गळा असलेला चेलो आपल्या बैठकीत का आला नाही? मला वाटते, मोठी अडचण बसण्याची होती. युरोपातला वादक खुर्चीवर बसतो, वाद्य गुडघ्यांत धरतो आणि त्याची टोकदार खुंटी जमिनीवर टेकवतो. तेच वाद्य घेऊन मांडी घालून बसले, तर त्याची मान डोक्याच्याही वर जाते.

ही अडचण सोडवली सास्किया राव-द हास यांनी. जन्म १९७१चा, नेदरलँड्समधला. रॉटरडॅमला बासरीवादक हरिप्रसाद चौरसियांकडे शिकता शिकता त्या भारतात आल्या आणि पुढे सतारवादक शुभेंद्र राव यांच्याशी लग्न करून दिल्लीकर झाल्या. वाद्यकार एदुआर्द फान टोंगरन यांच्याकडून त्यांनी जमिनीवर बसून वाजवता येईल असा लहान चेलो घडवून घेतला. त्याला वाजवायच्या पाच तारा आणि खाली दहा तरफा. मुख्य तारेवर स्वर नेमका लागला की त्या स्वराची तरफ न छेडता झणकारते. सूर जरा हलला की ती गप्प. शिकणाऱ्याला याहून कडक परीक्षक नको!

मराठी वाचकाने लक्षात ठेवावी ती सास्कियांची तालीम. दिल्लीत त्या गायिका सुमती मुटाटकरांकडे शिकल्या आणि मुंबईत व्हायोलिनवादक डी. के. दातारांकडे. दातार दत्तात्रेय विष्णू पलुसकरांचे शिष्य, आणि पलुसकर हे १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढणाऱ्या विष्णु दिगंबरांचे चिरंजीव. दातारांचा गज गायकी अंगाचा होता. गज कुठे उलटला ते कळू न देता, गळ्यातून यावी तशी सलग ओळ त्यांच्या तारेतून येई. आपल्याकडची मुले ज्या ‘गांधर्व’च्या परीक्षांना बसतात, त्याच परंपरेचा धागा असा एका डच चेलोपर्यंत पोहोचला आहे. मला याचे फार अप्रूप वाटते.

धृपदाकडेही चेलो गेला. अमेरिकन चेलोवादक नॅन्सी लेश-कुलकर्णी यांनी रुद्रवीणावादक झिया मोहिउद्दीन डागरांकडे आलापाचे शिक्षण घेतले. पनवेलजवळचे पळस्पे हे डागरांच्या गुरुकुलाचे गाव. सावकाश, खर्जात मुरत जाणाऱ्या धृपदाच्या आलापाला चेलोचा आवाज अगदी साजतो.

सास्किया वाजवतात तेवढ्याच मनापासून शिकवतात. शाळकरी मुलांसाठी त्यांनी आणि शुभेंद्र यांनी ‘संगीत फॉर ऑल’ हा अभ्यासक्रम तयार केला. त्यांच्या मते गाणे-वाजवणे निवडक हुशार मुलांपुरते ठेवू नये, वर्गातल्या प्रत्येक मुलाला मिळावे. पणजीत ‘चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन’ २००९ पासून गरीब घरांतल्या मुलांना व्हायोलिन आणि चेलो शिकवते आहे. अकोला–पूर्णा मार्गावरच्या आमच्या गावांतही चांगल्या गळ्याची, तयार कानाची मुले आहेत. वाशिमला किंवा अकोल्याला असा एक वर्ग निघावा, आणि तो काढणाऱ्याने मुलांना पहिले काही महिने नुसते गायला लावावे. गज नंतर हातात द्यावा.