पोलादी पट्टीवरील पुसट रेघा

नागपुरांतील मोतीबागच्या रेल्वे कारखान्यांतला फिटर असो कीं इतवारींतला सुतार असो, पोलादी पट्टी हा त्याचा डोळाच होय. १९५६ सालीं वजनमापांचा कायदा होऊन मेट्रिक मापें आलीं. तरी जुना कारागीर अद्याप सुताच्या भाषेंत बोलतो. आठ सूत म्हणजे एक इंच. रेघ पुसट होऊन एका सुताची चूक झाली, तर तीन मिलिमीटरांहून अधिक फरक पडतो व दार चौकटींत बसत नाहीं.

मग अशी पट्टी टाकून द्यावी काय? आधीं रेघेवरून आडवें नख फिरवावें. नख अडखळलें तर खांच शाबूत असून केवळ तिच्यांतला रंग गेला आहे, असें समजावें. विस्तवापासून दूर बसून रॉकेलनें मळ काढावा, पट्टी साबणाच्या पाण्यानें धुऊन पूर्ण कोरडी करावी. कारण तेलाचा अंश राहिल्यास रंग धरत नाहीं. नंतर खांचांत काळा तैलरंग चोळावा आणि तो अर्धवट सुकतांच, ठोकळ्यावर ताणलेल्या फडक्यानें पृष्ठभाग पुसावा. सैल फडकें खांचेंत शिरून रंग उचलतें. ताणलेलें वरूनच जातें. काळसर हत्यारावर मात्र पांढरा रंग भरावा.

पॉलिशकागद कदापि वापरूं नये. त्यानें चकाकी येते, पण खांच उथळ होते. नख अडखळलेंच नाहीं, तर त्या पट्टीनें मापणें सोडावें; अंदाजानें रेघ ओढणें म्हणजे आपल्या हातानें खोटें माप करणें होय. टोंक झिजलें असल्यास एक इंचाच्या रेघेपासून मोजावें व शेवटीं एक इंच वजा करावा.