सर्व्हर अपग्रेड झाला, मराठी नावं कुठं गेली?

(कोरेगाव येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

विषय थोडा तांत्रिक आहे, पण घाबरू नका. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या ऑफिसात टेबलाखाली एक डबा चोवीस तास चालू असतो. करसल्लागाराचं ऑफिस असेल, पतसंस्था असेल, गावची दूध संस्था असेल. तो चालतोय तोवर त्याच्याकडं कुणी ढुंकून बघत नाही. मग एक दिवस तो अपग्रेड होतो आणि सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य येतं, "कालपर्यंत तर चालत होतं!"

हे वाक्य खरं असतं. पण त्यावरून लोक जो निष्कर्ष काढतात तो बहुतेक वेळा चुकीचा असतो. "म्हणजे अपग्रेडनं बिघडवलं." अनेकदा आधीच एक गोष्ट चुकीची बसलेली असते, जुन्या आवृत्तीनं ती सांभाळून घेतलेली असते, आणि नवी आवृत्ती सांभाळून घेत नाही, एवढंच. हा फरक कशासाठी कळायला हवा, तर दुरुस्ती कुठं करायची हे त्यावरून ठरतं.

उदाहरण एका दूध संस्थेचं घेऊ. संस्था काल्पनिक आहे, अडचणी मात्र खऱ्या. सर्व्हरवर उबुंटू १८.०४. त्याचा नेहमीचा सपोर्ट २०२३ च्या मे महिन्यात संपला, म्हणजे अपग्रेड करणं भागच होतं. उबुंटूच्या एलटीएस आवृत्त्यांमध्ये मधली पायरी गाळता येत नाही, त्यामुळं १८.०४ वरून आधी २०.०४ वर जावं लागतं. वरवर साधी पायरी. पण या एका पायरीत मायएसक्यूएल ५.७ चं ८.० होतं आणि सांबा ४.७ चं ४.११ होतं. आजच्या अर्ध्या तक्रारी या दोन बदलांतून निघतात.

तर शनिवारी रात्री अपग्रेड झालं. रविवारी सकाळी संकलन सुरू. लिटर बरोबर, फॅट बरोबर, दर बरोबर. फक्त सभासदांची नावं आणि गावं गेली. 'कोरेगाव'च्या जागी एकवीस विचित्र चिन्हं. डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए', मग चारी कोपऱ्यांना काड्या फुटलेला गोल, मग आणखी काहीतरी. आणि तो रेघवाला 'ए' दर तीन चिन्हांनी परत येतोय.

एकवीसच का? इथं जरा थांबू, कारण निदान याच आकड्यात आहे. युनिकोडच्या हिशेबानं 'कोरेगाव'मध्ये सात घटक आहेत: क, ओकार, र, एकार, ग, काना, व. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक घटक तीन बाइट घेतो. सात त्रिक एकवीस. म्हणजे पडद्यावर दिसतंय ते एकेक बाइट सुटं करून, प्रत्येकाला स्वतंत्र रोमन अक्षर समजून दाखवलेलं आहे. देवनागरीच्या प्रत्येक घटकाचा पहिला बाइट एकच असतो, म्हणून तो 'ए' पुन्हा पुन्हा येतो. आणि एकवीसच्या एकवीस हजर आहेत, याचा अर्थ माहिती शाबूत आहे. वाचणारा चुकतोय.

आता हे झालं कसं? मायएसक्यूएलचा जन्म स्वीडनमधला. ५.७ पर्यंत कुणी वेगळं सांगितलं नाही तर तो लॅटिन-१ ही युरोपीय अक्षरांची पद्धत धरायचा, आणि क्रम लावायचा तो स्वीडिश भाषेच्या नियमानं. म्हणजे आपल्या सभासदांची यादी इतकी वर्षं स्वीडिश खोक्यात होती! प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं लिपी कुठं नमूद केली नव्हती. पीएचपी सर्व्हरशी जोडला जातो तेव्हा सर्व्हर स्वतःची लिपी सांगतो आणि पीएचपी तीच धरतो. आत जाताना लॅटिन-१, बाहेर येताना लॅटिन-१. पोतं न उघडता जसंच्या तसं आत ठेवलं, जसंच्या तसं बाहेर काढलं. आत मराठी आहे हे कुणाला कळलं नाही, आणि कळायची गरजही पडली नाही.

८.० आलं आणि सर्व्हर म्हणायला लागला, माझी लिपी यूटीएफ-८. पण जुन्या टेबलावरची पाटी लॅटिन-१ च राहिली. मग सर्व्हर प्रामाणिकपणे पोतं उघडतो आणि आतल्या एकेका बाइटचं यूटीएफ-८ मध्ये भाषांतर करून देतो. सर्व्हरची चूक नाही हो, पाटी खोटी होती.

इथपर्यंत काही बिघडलेलं नाही. बिघडतं ते यानंतर. दहा दिवसांचं बिल तोंडावर असतं, गवळी दारात उभे असतात. क्लार्क म्हणतो, नावं परत टाइप करतो. टाइप केलं की सर्व्हर नोंदच घेत नाही, कारण लॅटिन-१ च्या रकान्यात खरी देवनागरी मावत नाही. मग कुणीतरी इंटरनेटवर वाचून सांगतो, "स्ट्रिक्ट मोड बंद करा." बंद केला. आता नोंद होते, पण प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह साठवलं जातं. ते नाव गेलं. तिसरा माणूस येतो आणि अख्खं टेबल एका कमांडनं यूटीएफ-८ मध्ये बदलतो. त्यानं चुकीचं भाषांतर कायमचं कोरलं जातं. ते उलटं फिरवता येतं, पण मधल्या काळात नव्या नोंदी झाल्या असतील तर काही ओळी एका प्रकारच्या, काही दुसऱ्या, आणि मग एकेक ओळ तपासत बसायची.

म्हणून पडद्यावर काय दिसतंय ते आधी नीट बघा. नुसते रिकामे चौकोन असतील तर त्या संगणकावर फॉन्ट नाही, सर्व्हरला हात लावू नका. वर सांगितली तशी त्रिकं असतील तर माहिती आहे, वाचन चुकतंय. प्रश्नचिन्हं असतील आणि प्रत्यक्ष टेबलातही तीच असतील, तर माहिती गेली. चौथा प्रकार जुन्या ऑफिसात हमखास सापडतो. साधी रोमन अक्षरं आणि विरामचिन्हं, पण अर्थ लागत नाही. तो मजकूर युनिकोडच नाही. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप झालेला आहे, आणि नव्या मशीनवर तो फॉन्ट टाकलेला नाही.

त्रिकांवरचा उपाय दोन टप्प्यांत आहे. आजचं बिल काढायचं तर सर्व्हरच्या कॉन्फिगरेशनमध्ये लिपी परत लॅटिन-१ करा. नावं लगेच दिसतील. ही कुबडी आहे, पण पायावर उभं राहीपर्यंत कुबडी वापरायला लाज कसली? मग सावकाश, डेटाबेसच्या नकलेवर, प्रत्येक मराठी रकाना आधी बायनरी करायचा आणि बायनरीवरून यूटीएफ-८ करायचा. बायनरी म्हणजे लिपीच नाही, नुसते बाइट. त्या टप्प्यावर सर्व्हरला भाषांतर करायला काही उरत नाही. खोटी पाटी काढली, खरी लावली, पोतं उघडलंच नाही. रकाने झाले की सर्व्हरची लिपी परत यूटीएफ-८ करायची, हे विसरू नका.

बॅकअपबद्दल एक सांगून ठेवतो. अपग्रेडआधी काढलेली डंप फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर त्यातही तीच चिन्हं दिसतील. "बॅकअपही खराब!" म्हणून ती पुसू नका. तिच्यात टेबलाची जुनी पाटीही लिहिलेली असते, त्यामुळं परत भरताना मूळ बाइट जागेवर येतात. आणि ८.० ची डेटा डिरेक्टरी ५.७ ला देऊन मागं जाता येत नाही. मागं जायचा रस्ता फक्त जुन्या बॅकअपमधूनच आहे.

(मागच्या रांगेतून एका ताईंचा प्रश्न: झेरॉक्स मशीनवरून केलेलं स्कॅन सर्व्हरच्या फोल्डरमध्ये येत नाही, पण संगणकावरून तेच फोल्डर उघडतं.)

बरोबर, ताई. तो दुसरा बदल. जुन्या मशीनला फाइल पाठवायची एसएमबी-१ ही एकच भाषा येते. सप्टेंबर २०१९ मध्ये आलेला सांबा ४.११ ती आपण होऊन बोलत नाही. कारण साधं आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय जगभर पसरला तो एसएमबी-१ मधल्याच फटीतून. कॉन्फिगरेशनमध्ये एका ओळीनं ती भाषा परत चालू करता येते आणि बरेच जण तेच करतात. मी करणार नाही. एका स्कॅनरसाठी सगळ्या सभासदांची कागदपत्रं उघड्यावर कशाला? मशीनला एफटीपी किंवा ईमेल येतं का बघा, नाहीतर पेनड्राइव्हवर स्कॅन घ्या. याच्या उलटही होतं. सर्व्हर तसाच असतो, पण ऑफिसच्या विंडोज ११ ला २४एच२ हे अपडेट येतं आणि पासवर्डशिवाय उघडणारं फोल्डर बंद होतं. तिथं गेस्ट सोडून नाव-पासवर्ड असलेलं खातं करा. पाच मिनिटांचं काम आहे.

(दुसरा प्रश्न: आमच्याकडं प्रश्नचिन्हं झालेली आहेत. मग काय करायचं?)

किती ओळी आहेत ते आधी मोजा. अपग्रेडआधीचा बॅकअप वेगळ्या मशीनवर चढवा आणि सभासद क्रमांक जुळवून त्यातून नावं उचला. अपग्रेडनंतर नोंदवलेले सभासद त्यात मिळणार नाहीत. पण सहकारी संस्था असेल तर तुमच्याकडं 'आय' नमुन्याचं सभासद रजिस्टर असतं. ते कपाटातून काढा, एकानं वाचायचं, एकानं टाइप करायचं. आणि हे रकाने बदलून झाल्यावर, आधी नाही.